तक्त्यातला हात, वर्गातले हात

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ‘रक्ताभिसरण संस्था’ असे शीर्षक असलेला एक तक्ता बहुधा असतोच. वर-खाली लाकडी पट्ट्या, मध्ये तळवे पुढे करून उभा असलेला कातडी नसलेला माणूस आणि त्याच्या अंगभर तांबड्या-निळ्या नळ्या. बीडच्या शाळेत जो तक्ता लागतो तोच पुण्यात लागतो आणि तोच नागपुरातही. शिकवताना बोट जाते ते हृदयाकडे. कप्पे, झडपा, महारोहिणी एवढे झाले की तक्ता गुंडाळून ठेवला जातो. हाताकडे फारसे कोणी पाहत नाही. आम्ही या लेखात परीक्षण करणार आहोत ते त्या हाताचे, आणि हातातही कोपराच्या पुढच्या बाजूला असलेल्या खोलगट जागेचे. रक्त तपासायचे म्हटले की सुई तेथे टोचतात. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना शरीरातल्या शिरेशी पहिली जाणीवपूर्वक ओळख तेथेच होते.

आमचे म्हणणे असे आहे : हे चित्र खोटे नाही, पण ते शाळेसाठी चुकीच्या घराण्यातून आले आहे.

आधी चित्रात काय दाखवलेले असते ते पाहू. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी एक शीर, ती सेफॅलिक. करंगळीच्या बाजूने वर जाणारी दुसरी, ती बॅसिलिक. कोपराच्या पुढे या दोघींना जोडणारी एक तिरपी शीर, ती मिडियन क्युबिटल. काही जुन्या चित्रांत मात्र ही तिरपी जोडशीर नसते. तेथे पुढच्या हाताच्या मधून वर येणारी एक शीर कोपराजवळ दुभंगते, तिचा एक फाटा सेफॅलिकला आणि दुसरा बॅसिलिकला मिळतो, आणि इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी आकृती तयार होते. विद्यार्थ्याने दोन पुस्तके शेजारी ठेवली तर तो विचारेल, ‘सर, यातले बरोबर कोणते?’ प्रश्न चांगला आहे. दुर्दैवाने त्याला उत्तर मिळते ते बहुधा असे : ‘आपल्या पुस्तकात आहे ते.’

(नावांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘सेफॅलिक’ म्हणजे डोक्याशी संबंधित. या शिरेचा डोक्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. भाषांचा अभ्यास करणारे सांगतात की अरबी वैद्यकातले ‘अल्-किफाल’ हे नाव लॅटिनमध्ये नेताना तेथल्या लोकांना ते ओळखीच्या ग्रीक शब्दासारखे वाटले आणि शीर डोक्याला जोडली गेली. हातातली शीर हातातच राहिली, नाव तेवढे डोक्यावर चढले.)

आपल्या तक्त्याचे एक पूर्वज म्हणजे ‘ग्रेज् अ‍ॅनॉटमी’ हा प्रसिद्ध ग्रंथ. तो १८५८ साली लंडनमध्ये निघाला. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. ग्रंथ ओळखला जातो तो ग्रे यांच्या नावाने. पण तो वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती टिकला त्यात कार्टर यांच्या ३६३ चित्रांचा वाटा फार मोठा आहे, असे आम्हाला वाटते. या कार्टर यांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ते लंडनमध्ये नव्हतेच, मुंबईत पोहोचले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले, १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, आणि १८८८ पर्यंत त्यांची नोकरी इकडेच झाली. कुष्ठरोग, पायाला होणारा बुरशीचा रोग आणि उलटून येणारा ताप यांवरचे त्यांचे काम इथल्या रुग्णांवरच झालेले आहे.

कार्टर यांच्या चित्रांचा मोठा गुण असा की नावे बाजूला रेघा ओढून दिलेली नाहीत, ती त्या-त्या अवयवावरच लिहिलेली आहेत. शीर पाहताना तिचे नावही वाचले जाते, डोळ्याला इकडून तिकडे धावावे लागत नाही. आजच्या छापील तक्त्यांनी हा गुण घेतला नाही, याचे आम्हाला नवल वाटते. घेतला तो दुसराच भाग : एकच हात, कातडी काढलेला, न हलणारा, वयहीन. तो हात आला शवविच्छेदनाच्या टेबलावरून. लंडनमध्ये त्या काळी अशा टेबलांवर येणारी शरीरे बहुधा गरीब, बेवारस माणसांची असत. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस शरीरे वैद्यकीय महाविद्यालयांना मिळण्याची सोय झाली. मृत हातातली शीर दिसते, कारण आपण कातडी बाजूला करतो. जिवंत हातातली शीर दिसते किंवा दिसत नाही, आणि ते ठरते तिच्यातल्या रक्ताच्या दाबावर, थंडी-उन्हावर, प्यायलेल्या पाण्यावर, कातडीखालच्या चरबीवर. तक्ता यातले काहीही दाखवू शकत नाही.

शिवाय ग्रे-कार्टर यांचे चित्र एका विशिष्ट कामासाठी होते. त्या काळी अनेक आजारांवर रक्त काढून टाकणे हा उपचार होता आणि त्यासाठी कोपराजवळची शीर कापत. म्हणून शल्यवैद्याला तेथल्या शिरांखाली काय आहे हे कळणे निकडीचे होते. एका आडव्या पडद्याच्या अंतरावर हाताची मुख्य रोहिणी असते. पाते जरा खोल गेले की ती कापली जाई. मोठ्या माणसांना एका घातक चुकीपासून वाचवण्यासाठी काढलेले ते चित्र होते. तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा हात समजावा, हा त्याचा हेतू नव्हता.

तो हेतू साधणारे चित्र त्याच्याही आधी २३० वर्षांपूर्वी छापले गेले होते. १६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी हृदयाच्या गतीवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात हाताची चित्रे दिली. त्यांतला हात जिवंत माणसाचा आहे. दंडाला पट्टी बांधली आहे, शिरा फुगल्या आहेत, त्यांवर जागोजाग गाठी दिसतात. या गाठी म्हणजे झडपांच्या जागा. दुसऱ्या हाताचे बोट शीर दाबून रक्त वर ढकलते आणि मधला भाग रिकामा राहतो. चित्राची कल्पनाही मूळ हार्वे यांची नव्हे. त्यांचे पाडुआचे गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये झडपांवरच्या पुस्तकात असाच हात दाखवला होता. गुरूंनी झडपा पाहिल्या, पण त्यांना वाटले की रक्त एकदम खाली साचू नये म्हणून त्या आहेत. शिष्याने बोटाने रक्त खाली ढकलून पाहिले, ते गेले नाही. शिरेतले रक्त हृदयाकडेच जाते, हा रक्ताभिसरणाचा एक मुख्य पुरावा त्या साध्या कृतीत होता.

शाळेने हार्वे यांचा निष्कर्ष घेतला आणि हात टाकून दिला. आम्हाला ही अदलाबदल महागात पडलेली दिसते. जिवंत हात पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासालाच लक्षात येईल की शेजाऱ्याच्या हातातल्या शिरा आपल्यासारख्या नाहीत. एवढेच काय, आपला उजवा आणि डावा हातही एकसारखा नाही.

असे का होते? गर्भात हाताचा अंकुर फुटतो तेव्हा त्यात ठरलेल्या नळ्या नसतात, केशवाहिन्यांचे बारीक जाळे असते. ज्या वाटेने रक्त अधिक वाहते ती रुंदावते, जी वाट ओस पडते ती मिटून जाते. बालाघाटच्या उतारावर पहिल्या पावसाचे पाणी अनेक घळींतून धावते आणि पुढे त्यातल्या काहींचेच ओढे होतात, तसे काहीसे. ओढ्याला कोणी नकाशा दिलेला नसतो. रोहिण्यांमध्येही असे बदल असतात, पण कातडीखालच्या शिरांमध्ये फार अधिक. तिरपी जोडशीर असलेला प्रकार बहुतेक पाहण्यांत सर्वाधिक आढळतो, ‘एम’ प्रकार त्याखालोखाल. याखेरीज काही हातांत जोडशीर नसतेच, सेफॅलिक आणि बॅसिलिक आपापल्या वाटेने वर जातात. काहींत सेफॅलिक इतकी बारीक असते की सगळा भार बॅसिलिक वाहते. काहींत जोडशिरा दोन असतात. निरनिराळ्या प्रदेशांतल्या पाहण्यांत प्रमाणे वेगवेगळी येतात, आणि त्यात आश्चर्य नाही. तेव्हा ‘यातले बरोबर कोणते’ याचे उत्तर ‘दोन्ही, आणि आणखी चार’ असे आहे. वैद्यकाच्या ग्रंथांतल्या मजकुरात हे लिहिलेले असते. चित्रात नसते, आणि लक्षात राहते ते चित्र.

आता सुईकडे येऊ. तपासणीचे रक्त घेण्यासाठी सर्वसाधारणपणे वापरतात त्या २१ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे ०.८ मिलिमीटर असतो, रक्तदानाची १६ गेजची सुई त्याच्या दुप्पट जाड. रक्त घेणाऱ्याची पहिली पसंती मिडियन क्युबिटल, दुसरी सेफॅलिक आणि शेवटची बॅसिलिक. या क्रमामागे रचना आहे. मधली शीर कातडीला जवळ असते आणि खोल शिरांना जोडणाऱ्या एका फाट्याने जागी धरून ठेवलेली असते, म्हणून ती फारशी सरकत नाही. तिच्याखाली दंडाच्या स्नायूपासून निघालेला चिवट पडदा असतो आणि त्याखाली रोहिणी व मोठी चेतातंतूंची दोरी. बॅसिलिक आतल्या बाजूला, या दोघींच्या अधिक जवळ, शिवाय कातडीला संवेदना देणारा चेतातंतूचा एक फाटा तिच्या सोबतीने जातो. सुई त्याला लागली तर विजेसारखी कळ करंगळीच्या बाजूने खाली धावते आणि क्वचित पुढे कित्येक आठवडे मुंग्या येत राहतात. थोड्या लोकांत तर रोहिणीच वाट सोडून कातडीखालून वर आलेली असते. डोळ्यांना ती शीरच वाटते. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी बोट ठेवून पाहायचे : ठोका लागतो का? लागला तर तेथे सुई नाही. तक्त्यावरचा तांबडा रंग हाताला नसतो, ठोका असतो.

शिरा निसटतात हेही आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरावेधावर एक अध्याय आहे. शिरा माशांसारख्या हलतात, त्यांच्या बाबतीत कोणीही पुरता तरबेज नसतो, तेव्हा जपून टोचावे, अशा आशयाचा इशारा त्यात आहे. त्याच ग्रंथात शिरांची संख्या ७०० आणि न टोचण्याच्या शिरा ९८ असा ठाम हिशेबही आहे. त्या हिशेबाला आजच्या शरीररचनेत जागा नाही, आणि तेथली ‘सिरा’ म्हणजे आपली शीर असे सरळ समीकरणही मांडता येत नाही. आकड्यापेक्षा आम्हाला तो इशारा मोलाचा वाटतो, कारण तो हातांनी काम करणाऱ्याचा आहे.

हे सगळे बीड जिल्ह्यातल्या शाळेने का शिकवावे? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ग्रामीण भागासाठी काढलेल्या महाविद्यालयांत ते आशियातले पहिले म्हणून ओळखले जाते. आपल्या वर्गातले काही विद्यार्थी तेथे किंवा अन्यत्र डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून शिकायला जातील. त्याहून कितीतरी अधिक विद्यार्थी सुईच्या दुसऱ्या बाजूला असतील. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, जिला तिकडे एक कोयता म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तोडणीला जाण्यापूर्वी व परतल्यावर या स्त्रियांची आरोग्य तपासणी व्हावी, हा आग्रह जोर धरू लागला. अशा तपासणीत हिमोग्लोबिन पाहणे ओघाने आलेच.

ओळीत पन्नास जणी उभ्या असतात. एखादीची शीर चटकन मिळत नाही. मग दंडाची पट्टी तशीच राहते, हातावर चापट्या बसतात, ‘मूठ उघडा-मिटा’ असे सांगितले जाते. पट्टी मिनिटापेक्षा बराच वेळ राहिली तर रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते आणि पेशी व प्रथिने दाट होतात. हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा थोडे जास्त दिसू शकते. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाची सीमा १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम धरतात. सीमेच्या जरा खाली असलेली बाई अशाने कागदावर निरोगी ठरू शकते. मूठ उघडमीट केल्याने पोटॅशियम वाढलेले दिसते, आणि सुई आत-बाहेर करून रक्तपेशी फुटल्या तरीही. म्हणजे शीर न मिळण्याचा प्रश्न दुखण्यापुरता नाही, तो अहवालात शिरतो. रक्त मिळालेच नाही तर ‘उद्या या’ असे सांगितले जाते. उद्या येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे, तोडणीच्या भाषेत खाडा.

यात आम्हाला सर्वांत खटकते ती भाषा. ‘तुमची शीरच सापडत नाही’, ‘शिरा वेड्यावाकड्या आहेत’. बाईला वाटते आपल्यातच काही कमी आहे. ती पुढच्या वेळी हात पुढे करायला कचरते. वेडावाकडा काही नसतो, तक्त्यातला हात एकटाच सरळ असतो. ज्याने शिकतानाच सहा प्रकारचे हात पाहिले आहेत, तो जोडशीर मिळाली नाही की अंगठ्याच्या बाजूला वर-खाली चाचपेल, दुसरा हात पाहील, हात खाली लोंबता ठेवायला आणि शेकायला सांगेल, आणि दोनदा जमले नाही तर दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये रक्त घेण्याबद्दल मार्गदर्शक पुस्तिका काढली. पट्टी टोचण्याच्या जागेच्या चार-पाच बोटे वर बांधावी, सुई ३० अंश किंवा त्याहून कमी कोनात न्यावी, असे त्यात आहे. या गोष्टी काही गूढ नाहीत.

आणखी एक गोष्ट पालकसभेत सांगण्याजोगी आहे. साखरेच्या नेहमीच्या तपासणीसाठी ‘उपाशीपोटी या’ म्हणजे निर्जळी या असे नव्हे. साधे पाणी चालते, आणि पाणी प्यायलेल्या माणसाची शीर लवकर हाती लागते. गावाकडून पहाटे निघालेल्या, वाटेत शौचालय नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या बायकांना हे कोणी सांगत नाही.

आता रंगाबद्दल. ‘रोहिणी’ शब्दात तांबडेपणा आहे, ‘नीला’ शब्दात निळेपणा. म्हणजे तक्त्याचे रंग आपल्या परिभाषेतही उतरलेले आहेत. शिरेतले रक्त निळे नसते, गडद तांबडे असते, हे रक्त घेताना नळीत दिसतेच. शीर निळसर भासते ती गोऱ्या कातडीत, आणि ती प्रकाशाची किमया आहे : तांबडा प्रकाश कातडीत खोलवर जातो, शीर त्यातला काही शोषते, म्हणून तेवढ्या पट्ट्यातून तांबडा प्रकाश आजूबाजूपेक्षा कमी परत येतो. निळा प्रकाश शिरेपर्यंत फारसा पोहोचतच नाही. उन्हात राबलेल्या सावळ्या हातावर हा फरक जवळजवळ दिसत नाही. तेथे शीर शोधायची ती बोटाच्या टोकाने : दाबली की दबते, सोडली की भरते, स्प्रिंगसारखी. निळी रेघ शोधायला शिकलेला डोळा अशा हातासमोर हतबल होतो. आम्हाला ‘शीर’ हाच शब्द अधिक बरा वाटतो, त्याला रंग नाही.

वर्गात करायचे ते अगदी साधे आहे. सुई, टाचणी, पाते यांतले काहीही या तासाला वर्गात येणार नाही, ही पहिली अट. प्रत्येकाने हात अर्धा मिनिट खाली लोंबता ठेवावा. शेजाऱ्याने दंडावर रुमाल हलकाच बांधावा, मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे, आणि एका मिनिटाच्या आत सोडावा. ज्याला नको असेल त्याला आग्रह नको. दिसलेल्या आणि बोटाला लागलेल्या शिरा कागदावरच्या हाताच्या कोऱ्या बाह्याकृतीत काढाव्यात, दिसलेल्या सलग रेघेने, नुसत्या लागलेल्या तुटक रेघेने. मग हार्वे यांची कृती : शिरेवर एक बोट दाबून ठेवायचे, दुसऱ्याने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारायचे, वरचे बोट उचलायचे, शीर रिकामीच राहते, खालचे बोट उचलले की खालून भरते. चाळीस मुलांच्या वर्गात ऐंशी हात होतात. तिरपी जोडशीर किती, ‘एम’ किती, दोन्ही हात वेगळे असलेले किती, आणि कोणत्याच प्रकारात न बसणारे किती, याचा तक्ता मुलेच करतील. शेवटचा रकाना रिकामा राहणार नाही. काहींच्या हातावर काहीच दिसणार नाही, त्यांचे कागद कोरे म्हणून वगळू नयेत, तीही नोंद आहे.

हे ऐंशी हात जुन्या तक्त्याच्या शेजारी भिंतीवर लावावेत. प्रत्येकाखाली उजवा की डावा, तारीख, वेळ आणि शेवटचे पाणी केव्हा प्यायले होते, एवढे लिहिले की पुरे. नाव लिहायची गरज नाही.